ऐकून ओ न देणं

तित्तर दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. इंदूरजवळच्या राळामंडलच्या टेकडीखाली पहाटे उभं राहिलं की बायपासवरच्या ट्रकांच्या घरघरीतूनही त्याची हाक वर येते. आधी चाचपल्यासारखे दोन-तीन सुटे सूर, मग एकदम गळा मोकळा सोडून क-ती-तर, क-ती-तर. पक्षी आपलंच नाव सांगतो आहे, किंवा त्यानं जे सांगितलं तेच आपण त्याचं नाव म्हणून ठेवून घेतलं. गुरूनं परत मागितलेले यजुस् याज्ञवल्क्यांनी ओकून टाकले आणि बाकीच्या शिष्यांनी तित्तर होऊन ते टिपले, म्हणून कृष्ण यजुर्वेदाची एक शाखा तैत्तिरीय झाली, अशी कथा आहे. विद्या टिपायला हंस किंवा गरुड न होता हा धुळीतला, गवतातला पक्षी व्हावंसं वाटलं, यात त्याच्या आवाजाचा काही वाटा असेल असं मला वाटत आलं आहे.

या टेकडीच्या माथ्यावर होळकरांची शिकारगाह आहे. १९८९ साली टेकडी अभयारण्य झाली आणि बंदुकीच्या जागी दुर्बीण आली. पण रानात शिरल्यावर कान ज्या रीतीनं टवकारायचा, ती रीत बदलली नाही. वानरांचा खोकल्यासारखा इशारा कुठल्या दिशेनं आला, लांडोर नुसती ओरडते आहे की घाबरून ओरडते आहे, हाक देणारा नर जागेवरच आहे की सरकतो आहे, हे सारं शिकाऱ्याला कळावं लागे. पक्षीनिरीक्षकालाही कळावं लागतं. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात जिना कोण चढतंय हे आजी पावलांवरून सांगायची. ओळख म्हणतात ती हीच: डोळ्यांच्या आधी कानानं माणूस घरात घेणं. फरक पडतो तो पुढे, घरात घेतल्यावर आपण त्याचं काय करतो तिथे.

ही विद्या पुस्तकांत येण्याआधी फासेपारध्यांच्या गळ्यात होती. तित्तराची, लाव्याची हुबेहूब हाक ते तोंडानं काढत. दुसरी रीत पाळलेल्या तित्तराची. पिंजरा गवतात ठेवायचा, भोवती फास मांडायचे आणि दूर बसून राहायचं. पिंजऱ्यातला नर बोलू लागला की रानातल्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत कोणी उपरा शिरला. तो तावातावानं धावत येतो आणि फासात पाय अडकतो. ज्यांच्यापाशी ही सूक्ष्म विद्या होती, त्यांच्यातल्या अनेकांवर १८७१च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानं मात्र याच लोकांकडून रानाची भाषा शिकून घेतली आणि ती मराठीत आणली.

हीच विद्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला टर्कीच्या शिकारीत दिसते. टर्की आपल्याकडे आली ती नवलाई म्हणून. १६१२ साली मुकर्रब खानानं जहांगीर बादशहासाठी गोव्याहून आणलेल्या वस्तूंत हा पक्षी होता. क्षणोक्षणी रंग बदलणारं त्याचं डोकं आणि गळा पाहून जहांगीर थक्क झाला आणि दरबारी चित्रकार मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. इंग्रजांनी या पक्ष्याला तुर्कस्तानचा ठरवलं, फ्रेंचांनी हिंदुस्थानचा, पोर्तुगीजांनी पेरूचा. प्रत्यक्षात तो उत्तर अमेरिकेचा. नावात त्याची इतकी चुकीची ओळख झाली, पण त्याच्या रानात त्याचा आवाज ओळखणारे चुकत नाहीत. वसंतात नर गळ्यातून घरंगळणारी साद घालतो, मादी छोट्या तुटक स्वरांनी बोलते, आणि धोका दिसला की एकच कोरडा ठोका देऊन पक्षी पसार होतो. लाकडी पेटीवर फळी घासून मादीचा आवाज काढायच्या यंत्राचं पेटंट १८९७ साली घेतलं गेलं. एरवी नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हा क्रम उलटा करतो: स्वतः मादी होऊन बसतो आणि नराला चालत यायला लावतो. तित्तर रागानं येतो, टर्की ओढीनं. दोघांनाही त्यांच्या सर्वांत खऱ्या भावनेनंच मारलं जातं.

या शिकारीचा पहिला नियम तिथल्या नवशिक्याला बजावून सांगतात: आवाजावर गोळी झाडायची नाही. कारण झुडपामागे टर्की नसून टर्कीसारखा आवाज काढणारा दुसरा शिकारी असू शकतो. हे वाचलं तेव्हा मला शरयूचा काठ आठवला. पावसाळ्याची रात्र, पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा बुडबुड आवाज, तो हत्तीचा समजून दशरथानं सोडलेला शब्दवेधी बाण, आणि अंधारातून आलेलं माणसाचं विव्हळणं. लोक त्या मुलाला श्रावणबाळ म्हणतात. नेम अचूक होता, ओळख चुकली होती. शब्दवेध या विद्येचा आपण गौरव करतो, पण आपल्या परंपरेनं तिचं सर्वांत मोठं उदाहरण एका अपराधाच्या गोष्टीत जपून ठेवलं आहे.

दशरथ चुकीचं ऐकून चुकला. मी बरोबर ऐकून चुकलो.

मर्लिन या अॅपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आली. फोन वर धरायचा, पडद्यावर नाव उमटतं. त्याच फोनमध्ये ध्वनिमुद्रित हाकाही असतात. एका पहाटे, सोबतच्यांना तित्तर दाखवायचा म्हणून, मी त्याची हाक वाजवली. दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत तो पायवाटेवर आला होता. मान ताठ, पिसं फुललेली, तपकिरी अंगावर कोवळं ऊन. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. त्यानं एक फेरी मारली, थांबला, पुन्हा फेरी मारली. शत्रू कुठेच नव्हता. विणीच्या दिवसांत चरणं आणि राखण सोडून तो अशा कुणाशी लढायला आला होता, जो अस्तित्वातच नव्हता. आमचं दोन मिनिटांत पाहून झालं, फोटो झाले. तो मात्र आम्ही वळलो तरी तिथेच शोधत होता. परतताना सगळे खुशीत होते. मला काहीतरी रुतल्यासारखं झालं. फास मांडला नव्हता, रक्त सांडलं नव्हतं, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून द्यायला कोणी येणार नव्हतं.

तित्तिर जातकातल्या पाळीव तित्तराला हाच काटा रुतला होता. पारधी त्याला बोलायला लावतो, त्याच्या हाकेनं जातभाई येतात आणि मारले जातात. तो गप्प राहिला तर डोक्यात काठी बसते. हे पाप माझं का, असं तो एका तपस्व्याला विचारतो. तपस्वी सांगतो, तुझ्या मनात मारायचं नाही, मग कर्म तुला चिकटत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची त्या उत्तरानं सुटका होते. तो आपल्याच आवाजात, नाइलाजानं बोलला होता. मी दुसऱ्याच्या आवाजात, हौसेनं बोललो. तपस्व्याचं उत्तर मी स्वतःला लावून पाहिलं. ते मला पुरलं नाही.

हाकेला ओ द्यावी, हा आपल्यावरचा संस्कार. पण प्रत्येक हाक आपल्यासाठी नसते. तित्तराची हाक शेजारच्या नराला असते, मादीला असते. आपण वाटेत उभे म्हणून ती आपल्या कानी पडते एवढंच. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाच्या शेवटी शकुनपक्ष्याची दोन सूक्तं आहेत. परंपरा तो पक्षी कपिंजल, म्हणजे तित्तराच्या कुळातला मानते. त्याच्या आवाजात ऋषी शुभ शोधतो, आणि सोबत त्याच्यासाठीही मागणं मागतो: ससाण्यानं तुला मारू नये, बाण घेतलेल्या वीराला तू सापडू नयेस. ऐकून मिळालेल्या आनंदाची परतफेड म्हणून मला हे मागणं फार मोलाचं वाटतं.

इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, देवासला, कुमार गंधर्व १९४८ साली क्षयानं आजारी होऊन राहायला आले. गाण्याची बंदी, अंथरूण, खिडकीबाहेरचा माळवा. काही वर्षं ते नुसते ऐकत राहिले. माळव्याची लोकगीतं त्या ऐकण्यातून त्यांच्यात मुरली. सुराला लगेच सुरानं उत्तर द्यायचं हीच ज्याच्या गळ्याची सवय, त्याला उत्तर देता येत नव्हतं. पुढे जे गाणं आलं त्याला या मुक्या वर्षांची बैठक आहे. ती सक्तीची होती. आपल्याला ती निवडावी लागेल.

आता टेकडीकडे जातो तेव्हा फोन खिशातच असतो. परवा शिकारगाहीच्या बाजूनं एक तित्तर बोलला. बऱ्याच वेळानं खालच्या शेतांकडून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग पहिला, मग पुन्हा दुसरा. त्यांचं काही ठरत होतं, हद्दीचं असेल. मी दोघांच्या बरोबर मधे उभा होतो, आणि माझं तिथे काहीच काम नव्हतं.