हसवावं, पण दुखवू नये

पांढुर्णा-सौसरच्या संत्राबागांवर अजून पुरतं उजाडलेलं नाही. पहाटेची नमाज आटोपलेल्या घरांत मोबाईल हातात येतो. एखादी दुवा येते, एखादा सुविचार येतो. मागोमाग मुल्ला नसरुद्दीनचा किस्सा. घर हसतं.

हसवावं, पण दुखवू नये.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या नि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग आहे. एकाने पैगंबरांकडे बसायला जनावर मागितलं. ते म्हणाले, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो गोंधळला. पिल्लावर बसायचं कसं? पैगंबर म्हणाले, अरे, प्रत्येक उंट उंटिणीचंच पिल्लू असतो ना!

किती गोड थट्टा! शब्द खरा होता. समोरचा माणूस लहान झाला नाही. हसवण्यासाठी खोटं बोलू नये, असंही हदीस बजावते. आणि भावाकडे पाहून स्मित करणं, हाही सदका मानते. म्हणजे दानच.

गंमत पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबावं. ती ज्याच्यावर आहे, तो वाचून हसेल का? हसवावं, पण दुखवू नये.

ज्याच्याशी बोलणं थांबलंय, त्याला आजचा पहिला सलाम, पहिला रामराम पाठवा. सोबत एक निर्मळ गंमतही.