गोंगाटाची ओढ

खंबाटकीचा घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर आम्हा खंडाळकरांना लहानपणापासून पाठ आहे. तिला आम्ही कधी संगीत म्हटलं नाही. कव्वालीची कॅसेट झिजून अडकली की टेपमधून जी किंचाळी निघे, तिलाही नाही. पेन्सिल घालून फीत गुंडाळायची आणि पुन्हा सुराची वाट पाहायची. त्यामुळे टोकियोचा मासामी आकिता १९७९ पासून अशाच किंचाळ्या मुद्दाम ध्वनिमुद्रित करतो, त्याच्या कॅसेटी टपालाने देशोदेशी जात आणि लोक त्या आवडीने ऐकत, हे कळलं तेव्हा आधी हसूच आलं.

हसू थांबलं ते ब्रिन जोन्समुळे. मँचेस्टरचा हा तरुण मुसलमान नव्हता. १९८२ साली इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली आणि त्याने आपलं सारं काम त्या दुःखाला वाहून टाकलं. ‘मस्लिन गॉझ’ म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार मलमली कापड. त्यातला ‘न’ काढून ‘म’ घातला आणि ‘मुस्लिमगॉझ’ हे नाव घेतलं. १९९९ मध्ये, सदतिसाव्या वर्षी तो वारला, तोवर त्याची नव्वदांहून अधिक प्रकाशनं झाली होती. सगळीच कर्कश नाहीत. पण कित्येकांत दरबुक्याचा ताल खरखरीखाली चिरडत जातो. गाणं नाही, घोषणा नाही.

इमाम गझाली ‘समा’विषयी सांगतात, त्याचा आशय असा की ऐकणं हृदयात नवं काही घालत नाही, आत आहे तेच हलवतं. सुरेल मर्सिया ऐकून आपण रडतो, हलके होतो, घरी जातो. या खरखरीने हलकं होता येत नाही. तिची ओढ बहुधा तिथेच आहे. जे सांत्वनाने मिटू नये, ते ती मिटू देत नाही.

पण जोन्स पॅलेस्टाईनला कधी गेला नाही. गाझातल्या आईला आवाजाची वाण नाही. डोक्यावर घोंगावणाऱ्या ड्रोनला तिथे ‘झनाना’ म्हणतात, आणि तो बंद करायचं बटण तिच्या हातात नसतं. मिरवणुकीतला डीजे मशिदीसमोर रेंगाळतो तेव्हा आपल्याही हातात नसतं. (आपल्या भोंग्याने शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडते, तेव्हा त्याच्याही हातात नसतं, हेही बोललं पाहिजे.) गोंगाटाची आवड ही बटण असलेल्या माणसाची चैन आहे, हा आरोप आम्हाला खोडता येत नाही.

मात्र जुम्याला आपण पॅलेस्टाईनसाठी दुआ करतो, नेटक्या शब्दांत, आमीन म्हणतो आणि जेवायला घरी येतो. दुआ खोटी नसते. तरी बटण आपल्याकडेही असतंच. जोन्सने निदान आयुष्यभर ते दाबलं नाही.

आमच्यातल्या एकाने त्याचं काम कॅसेटवर उतरवून आणलं होतं. बाजू अर्धी झाली असेल, आतल्या खोलीतून दादाजान आले. थोडा वेळ उभे राहून म्हणाले, “टेप बिगड्या क्या रे?”

नाही म्हणालो. पुढे काय सांगावं, ते कुणालाच सुचलं नाही. ते मात्र खुर्ची ओढून बसले.