पोटगीची थकबाकी आणि परदेशगमन

कर्ज बुडविणाऱ्यास कोंडून ठेवावे की काय, हा वाद फार जुना आहे. कोंडलेला ऋणको कमवीत नाही व धनकोच्या पदरीही काही पडत नाही, हा अनुभव आल्यावरच ऋणकोंचे तुरुंग पुष्कळ देशांत बंद पडले. अमेरिकेने मात्र 1996 च्या कायद्याने एका वर्गाच्या ऋणकोंस देशाच्या सीमेत अडविण्याची तजवीज केली. अपत्याच्या पोटगीची बाकी 5,000 डॉलरांवर गेली, की घटक राज्याने ते नाव मध्यवर्ती सरकारास कळवावे व सरकारने पासपोर्ट नाकारावा. 2006 पासून ही मर्यादा 2,500 वर आली.

परदेशप्रवास हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग होय, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली सांगितले होते. मग सावकाराचे लक्षावधी डॉलर थकविणारा खुशाल विमानात बसतो, आणि पोटगीच्या बाकीदारानेच काय पाप केले? आमचे उत्तर असे की, सावकाराने पत पारखून व व्याज ठरवून कर्ज दिलेले असते. मुलाने आईबाप पारखून घेतलेले नसतात. शिवाय आठव्या वर्षीचे दूध अठराव्या वर्षी चुकते करता येत नाही. 2002 साली एका अपील न्यायालयाने हा निर्बंध वैध ठरविला. तेथे बाकीदार बाप नव्हता, आई होती. बापालाच गुन्हेगार धरून चालणाऱ्या आम्हांसारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तथापि ‘देत नाही’ आणि ‘देऊ शकत नाही’ यांतील भेद आकड्याला कळत नाही. बाकी 2,500 च्या खाली आली तरी नाव आपोआप निघत नाही. कित्येक राज्ये सगळी रक्कम मागतात. उलट 2015 च्या कायद्याने करबाकीसाठीही पासपोर्ट अडविण्याचे ठरले, तेव्हा मर्यादा 50,000 डॉलर धरली, ती महागाईबरोबर वाढती ठेविली, आणि ठरलेले हप्ते वेळेवर भरणारास वगळले. मुलाची भूक तातडीची, म्हणून त्याची मर्यादा खाली असावी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सरकार स्वतःच्या येण्यापुरता हप्त्यांवर जो विश्वास ठेविते, तो येथे का नसावा? जहाजावर नोकरी करणाऱ्या बाकीदारास पासपोर्ट देऊन त्याच्या पगारातून दरमहा हप्ता वळता करून घेतला, तर त्यात मुलाचे काय बुडते, हे आम्हांस उमगलेले नाही.