कुणाचा इलेक्ट्रॉन?

आमच्या नारायणगावात ज्येष्ठ नागरिकांची बैठक दर गुरुवारी देवळाच्या सभामंडपात भरते. विषय ठरलेले असतात: गुडघे, मोतीबिंदू, मृत्युपत्र. गेल्या महिन्यात मधुमेहावर बोलायला येणाऱ्या डॉक्टरांनी ऐनवेळी जमत नाही म्हणून कळवलं आणि सकाळी आठलाच नानांचा मला फोन. "सर, आज तुम्हीच बोला. ते देवकणाचं सांगा. देव म्हटलं की लोक बसून राहतात."

३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. पण 'देवकण' या शब्दाचं मला वावडं आहे. लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९९३ साली पुस्तकाला ते नाव दिलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचललं. कण हिग्जचा. तो सापडल्याचं सर्न या प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं. वजनाला प्रोटॉनच्या साधारण १३३ पट. इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळतं त्या व्यवस्थेची ती खूण. देवाशी त्याचं नातं इतर कणांइतकंच, जास्त नाही, कमी नाही. एवढं सांगून मी हिग्जला दोन मिनिटांत निरोप दिला. नानांचा चेहरा पडला.

मला बोलायचं होतं इलेक्ट्रॉनबद्दल. सगळ्यात जुना, सगळ्यात ओळखीचा कण. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने तो हुडकला, आणि आजवर त्याच्या आत कुणाला काही सापडलेलं नाही. आपण, ही फरशी, समोरची समई, सगळं तीनच प्रकारच्या कणांचं: दोन जातींचे क्वार्क आणि इलेक्ट्रॉन. बाकीचे कण आहेत, पण ते आपल्या संसारात नाहीत.

आता नारायणगावच्या माणसाला टोमॅटो समजावून सांगावा लागत नाही. मार्केटला क्रेट येतात, निवड होते, एक नंबर, दोन नंबर. एक नंबरच्या क्रेटमधले टोमॅटो लांबून सारखेच दिसतात. पण हातात घ्या. एकाला देठाशी खळगा, एकावर नखाएवढा डाग, एक किंचित पोचट. एकाच झाडाचे दोन टोमॅटो घ्या. शेतकऱ्याला सवड दिली तर तो फरक दाखवील. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. दोन इलेक्ट्रॉन 'जवळजवळ सारखे' नसतात. वस्तुमान तेच, विद्युतभार तोच, फिरकी तीच, आणि याउपर ज्यावर डाग पडावा असं काही उरतच नाही. आणि हे फक्त इथल्या इलेक्ट्रॉनपुरतं नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. विज्ञान दिनाला तिथे नातवंडांना घेऊन कोण गेलं नाही? ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० थाळ्या. दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची रेडिओ लहर त्या ऐकू शकतात. त्या आकाशगंगा लांब पळताहेत म्हणून लहर ताणली जाते. तेवढा हिशेब वजा केला की आकडा तोच निघतो, सुमारे १४२० मेगाहर्ट्झ. प्रयोगशाळेतल्या हायड्रोजनचा जो, तोच. तिथला इलेक्ट्रॉन हाच आहे.

इथे मागून आवाज आला, "हे तर कणादांनी केव्हाच सांगून ठेवलंय!" टाळ्या पडल्या.

ही टाळी मी वर्गात अनेकदा ऐकली आहे, आणि दर वेळी मला वाटतं की आपण कणादांवर अन्याय करतो. कारण या टाळीनंतर त्यांनी काय सांगितलं ते कुणी वाचत नाही. कणादांचं दर्शन वैशेषिक. या वैशेषिकांचा परमाणू निरवयव आहे, नित्य आहे. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. कवडशात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हे त्र्यणुक. इथवर ठीक. पण पुढे त्यांना एक अडचण पडली आणि ती अस्सल आहे. पृथ्वी या द्रव्याचे दोन परमाणू घ्या. गुण सारखे, अवयव नाहीतच, आकार सारखा. मग ते दोन कशावरून? हा हाच, आणि तो तोच, हे ठरवणार कोण? त्यांचं उत्तर होतं: 'विशेष'. प्रत्येक नित्य द्रव्यात एक अंतिम वेगळेपण असतं, ज्याला दुसरं कारण नाही. पुढे भाष्यकार प्रशस्तपादांनी ते नीट मांडलं. योग्याला दोन सारखे परमाणू वेगळे दिसतात ते या विशेषामुळे. दर्शनाला वैशेषिक हे नावही त्यावरूनच पडलं असं मानतात.

आणि हे नुसतं परमाणूंपुरतं नव्हतं. मुक्त झालेल्या आत्म्याचं सुख जातं, दुःख जातं, ज्ञानही जातं, अशी त्यांची मुक्ती कोरडी. मग एक मुक्त आत्मा दुसऱ्याहून वेगळा राहतो कशाने? विशेषाने. सगळं गळून पडल्यावरही तुम्ही 'तुम्ही' राहता, ही हमी त्या एका पदार्थावर उभी होती.

हा विशेष खरंच असतो का, ते मोजून कळतं. मी प्रसादाच्या ताटातले दोन फुटाणे आणि दोन वाट्या घेतल्या. न बघता टाकले तर किती प्रकारे पडतील? दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, हा डावीकडे तो उजवीकडे, तो डावीकडे हा उजवीकडे. चार. म्हणजे वाटीत एकेक पडण्याची शक्यता चारात दोन, निम्मी. फुटाण्यांना वेगळेपण आहे, म्हणून शेवटचे दोन प्रकार वेगळे मोजायचे. आता समजा 'हा' आणि 'तो' हा भेद मुळातच नाही. मग ते दोन मिळून एकच प्रकार. एकूण तीन, आणि एकेक पडण्याची शक्यता निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर येते. ढाक्क्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ मध्ये प्रकाशाचे कण अशा पद्धतीने मोजले आणि तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा प्लांकचा नियम बरोबर हाती आला. विशेष धरून मोजलं तर येत नाही. हिग्जच्या मागे लावलेलं 'बोसॉन' ते याच बोसांचं.

इलेक्ट्रॉनचा हट्ट आणखी वेगळा. पाउलीने १९२५ मध्ये सांगितलं की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहत नाहीत. म्हणजे वाट्या दोन असल्या तर प्रकार एकच: इकडे एक, तिकडे एक. त्या एका हट्टावर सगळं रसायनशास्त्र उभं आहे. ही फरशी आपल्याला पेलते, आत कोसळत नाही, तेही त्यामुळे. डायसन आणि लेनर्ड यांनी १९६७ मध्ये ते गणिताने सिद्ध केलं. शंकराचार्यांनी वैशेषिकांना टोकलं होतं की निरवयव परमाणू एकमेकांना पूर्ण भिडले तर त्यांचा आकार वाढेल कसा? आक्षेप बिनतोड होता. वस्तूला आकार येतो तो कण भिडतात म्हणून नव्हे, जागा सोडत नाहीत म्हणून.

तेव्हा कणाद हरले. माझ्या मते हा त्यांचा मोठेपणाच. प्रश्न इतका नेमका होता की सृष्टीला त्यावर 'नाही' म्हणता आलं. मोघम बोलणारा कधीच हरत नाही.

"मग अद्वैत सिद्ध झालं की!" पुन्हा मागूनच. गृहस्थ जिद्दीचे. नाही झालं. सारखे म्हणजे एक नव्हे. इलेक्ट्रॉन मोजता येतात, फक्त त्यांना नावं देता येत नाहीत. खुद्द व्हीलरसारख्या भौतिकशास्त्रज्ञालाही हा मोह पडला होता. त्याने एकदा फाइनमन या आपल्या विद्यार्थ्याला फोन करून सांगितलं की सगळे इलेक्ट्रॉन सारखे का ते मला कळलं, तो एकच आहे, काळात मागेपुढे येरझारा घालतोय! फाइनमनने तिथल्या तिथे खोट काढली: मग उलट्या भाराचे पॉझिट्रॉनही तेवढेच दिसायला हवेत, ते आहेत कुठे?

कणाला वयही नसतं, हेही मी सांगितलं. वातावरणात वर तयार झालेले म्युऑन नावाचे कण आत्ताही आपल्या तळहातातून साधारण सेकंदाला एक या गतीने जाताहेत. सरासरी आयुष्य सेकंदाचे बावीस दशलक्षांशसुद्धा नाही, त्याच्याही दहावा हिस्सा. पण बराच वेळ जगलेला म्युऑन मरणाच्या जवळ आलेला नसतो. त्याची उरलेली आशा नव्या म्युऑनइतकीच. सभामंडपात हे फार आवडलं.

मग खांबाला टेकून बसलेल्या आक्का बोलल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मुलांनी राख मीना नदीत न सोडता शेताच्या बांधाला खड्डा घेऊन त्यात टाकली आणि वर केशर आंब्याचं कलम लावलं. "सर, त्या कलमात आमचे हे किती असतील?"

आधी मी रसायन सांगितलं. कार्बन बहुतेक धुरावाटे गेला. राखेत राहतं ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. मुळांनी त्यातलं थोडं नक्की घेतलं असणार. "म्हणजे ते ह्यांचं," आक्का म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय. सांगितलं की त्यांच्या हाडातला कॅल्शियमचा अणू आणि त्यांच्या चुन्याच्या डबीतला अणू यांत काही म्हणजे काही फरक नाही. अणूच्या वाटेवर पाळत ठेवली तर कुठून आला ते कळेल, पण अणूवर खूण राहत नाही. त्यांना समजावं म्हणून पतपेढीचं उदाहरण घेतलं. ह्यांनी दहा हजार ठेवले होते ना? आज तुम्ही काढलेत तर ह्यांनी भरलेल्या नोटा मिळतील का? पैसे आहेत, नोट ह्यांची अशी कुठलीच नाही.

आक्का म्हणाल्या, "पण सर, पासबुकावर नाव असतं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि नंतर दोन रात्री मला ते वाक्य सोडेना. वैशेषिकांनी नाव नोटेवरच छापलं होतं. भौतिकशास्त्राने ते पुसलं, पुराव्यानिशी पुसलं. पण पासबुक कुठे आहे हा प्रश्न त्याने कधी हातात घेतलाच नाही. कुणी त्या जागी आत्मा ठेवेल, कुणी मेंदूतली जुळणी, कुणी मागे राहिलेल्यांची आठवण. मला यातलं काही निवडता आलेलं नाही, आणि फिजिक्सच्या नावावर तर मी निवडणारच नाही.

बैठक सुटल्यावर चपला शोधताना आक्का पुन्हा भेटल्या. कलमाच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसताहेत, राख जास्त झाली असेल का, म्हणाल्या. म्हटलं असू शकेल, राख क्षारयुक्त असते. युरिया-बिरिया घालू नका, दोन पाट्या कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी बेताने द्या.

"युरिया कशाला घालतेय," त्या म्हणाल्या. "ह्यांना चालायचा नाही."