मोशेचे हात कोण धरणार?



२०२१ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी मी आमच्या धर्मग्रामाच्या फादरांना फोन केला. तक्रार करायची होती. ऑनलाइन मिस्सेचा आवाज नीट येत नव्हता, प्रवचन मध्येच तुटले होते आणि घरातली वडीलधारी माणसे नाराज झाली होती. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले. "बघतो, दुरुस्त करून घेतो," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "काल रात्री उशिरापर्यंत दफनभूमीत होतो. तीन दफनविधी झाले. मोबाईल चार्ज करायचा राहून गेला."

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. तीन कुटुंबांच्या दुःखातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाशी मी आवाजाविषयी बोलले होते. "फादर, तुम्ही कसे आहात?" हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता.

तो न विचारलेला प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. मेंढपाळाने कळपाची काळजी घ्यावी हे आपण सगळेच जाणतो. पण कळपावरही मेंढपाळाची काही जबाबदारी असते का? की धर्मगुरूंना आधार देणे ही केवळ एक भलेपणाची गोष्ट आहे, जमली तर करावी, नाही तर राहू द्यावी? आज तुमच्याबरोबर या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

त्यांनी काय सोसले

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा प्रायश्चित्तकाळ चालू होता. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार आणि ईस्टर, सगळे बंद दारांआड झाले. ज्या धर्मगुरूंनी आयुष्यभर भरलेल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण केली, ते रिकाम्या बाकांसमोर, एका मोबाईलकडे पाहून "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणत होते आणि उत्तर येत नव्हते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली आणि २०२१ मध्ये ईस्टरनंतर लगेच पुन्हा मिटली.

मग दुसरी लाट आली. रात्री-अपरात्री फोन वाजू लागले. कोणाला बेड हवा होता, कोणाला ऑक्सिजन, तर कोणाला मरणासन्न वडिलांसाठी रुग्णाभ्यंग. अनेक ठिकाणी धर्मगुरूंना अतिदक्षता विभागात जाऊ दिले जात नव्हते. नातेवाईक हुंदके देत होते आणि फादर फोनवरूनच प्रार्थना म्हणत होते. एप्रिल आणि मे २०२१ या दोन महिन्यांतच आपल्या देशातील शंभराहून अधिक कॅथोलिक धर्मगुरू कोरोनाने गेले. मध्य प्रदेशातील झाबुआचे बिशप बेसिल भुरिया यांनाही कोरोनाने गाठले आणि ६ मे रोजी त्यांचे निधन झाले. धर्मभगिनी, धर्मशिक्षक, प्रार्थना गटांचे पुढारी, अन्य मंडळ्यांचे पाळक असे कितीतरी जण गेले. तुमच्या ओळखीचाही एखादा चेहरा या ओळी वाचताना डोळ्यांपुढे आला असेल. क्षणभर थांबा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आधी धोंडा, मग हात

निर्गमाच्या पुस्तकातील सतराव्या अध्यायातला प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. खाली मैदानात यहोशवा अमालेकाशी लढत आहे. वर टेकडीवर मोशे देवाची काठी घेऊन उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. अखेर मोशेचे हात जड होतात. तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी त्याचे हात उचलून धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात.

या प्रसंगावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. पण एक बारीक गोष्ट बहुधा सुटून जाते. हात धरण्याआधी त्यांनी एक धोंडा आणला आणि मोशेला त्यावर बसवले. म्हणजे पहिली मदत अगदी साधी होती. दमलेल्या माणसाला बसायला जागा दिली.

दुसरी गोष्ट अशी, की मोशेचे हात थकले म्हणून कोणी त्याच्या विश्वासावर शंका घेतली नाही. "देवाचा माणूस असून दमतो कसा?" असे अहरोन म्हणाला नाही. हात थकतात, कारण ते हात आहेत. देवाने मोशेला न थकणारे हात दिले नाहीत, त्याला शेजारी दोन माणसे दिली.

आणि तिसरी गोष्ट. काही जण विचारतील, "घराघरांत माणसे गेली, नोकऱ्या गेल्या. मग आधी विधवेचा, बेकाराचा विचार करायचा की फादरांचा?" प्रश्न रास्त आहे. पण लढाई खाली मैदानात चालली होती. मोशेचे हात धरले ते मैदानातल्या लोकांसाठी. ज्या धर्मग्रामात फादर खचतात, तिथे विधवेचे दार ठोठावणारे आणि बेकाराची चौकशी करणारे एक माणूस कमी होते. म्हणून पुढाऱ्याला आधार देणे आणि गरिबाला आधार देणे या गोष्टींत स्पर्धा नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. अहरोन आणि हूर मोशेवर उपकार करत नव्हते, ते त्याच लढाईत आपला वाटा उचलत होते.

भीती म्हणजे अविश्वास का?

साथीच्या त्या दीड वर्षात एक टोचणारे वाक्य बऱ्याच ठिकाणी ऐकू आले: "फादरच घाबरले, मग आम्ही काय करायचे?" धर्मगुरू मास्क लावून, अंतर राखून वागले तरी ते घाबरट ठरले. एखादे फादर आजाऱ्याला भेटायला गेले आणि स्वतः आजारी पडले, तर तेच लोक त्यांना निष्काळजी म्हणाले.

२७ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवा. पाऊस पडत होता. संत पेत्राचा विशाल चौक रिकामा होता आणि ८३ वर्षांचे पोप फ्रान्सिस एकटेच चालत वर आले. त्यांनी मनन केले ते मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळाच्या प्रसंगावर, म्हणजे ज्या प्रसंगात शिष्य घाबरलेले आहेत त्या प्रसंगावर. १५२२ मधील साथीच्या वेळी रोमच्या रस्त्यांतून ज्याची मिरवणूक निघाली होती, तो संत मार्सेलोच्या चर्चमधील क्रूस त्या दिवशी तिथे पावसात उभा होता. आपण भ्यालो आहोत, हे त्या संध्याकाळी ख्रिस्तसभेने लपवले नाही. ती भीती घेऊनच ती क्रुसापुढे उभी राहिली.

याहून मोठा आधार गेथशेमाने बागेत आहे. प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला आणि त्याने तीन मित्रांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. त्याने त्यांच्याकडे तलवार मागितली नाही, पैसा मागितला नाही. फक्त सोबत मागितली, आणि ते झोपी गेले. देवाच्या पुत्राला जर सोबत मागताना कमीपणा वाटला नाही, तर आपल्या धर्मगुरूंनी ती मागण्याची वाट आपण का पाहावी? ते बहुधा मागणार नाहीत. मागायची सवयच त्यांना नाही.

दारे बंद, धर्मग्राम उघडा

"देवावर विश्वास असेल तर चर्च बंद कशाला?" हाही प्रश्न अनेक पाळकांना एकट्याने झेलावा लागला. ख्रिस्तसभेचा इतिहास पाहिला तर हा पेच नवा नाही.

१५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग पसरला. लोकांना घरातच राहण्याचा हुकूम झाला. तेव्हाचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी लोकांना चर्चमध्ये गर्दी करायला लावले नाही. त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून, दारातून मिस्सेत सहभागी होता येईल. ते स्वतः आजाऱ्यांमध्ये फिरत राहिले. शिस्त आणि श्रद्धा यांतले एक निवडण्याची पाळी त्यांनी आपल्या लोकांवर आणली नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ मध्ये मांडवी भागातून प्लेग शहरभर पसरला. त्यानंतरच्या वर्षांत वांद्रे, गिरगाव अशा भागांत लोकांनी गल्लीच्या तोंडाशी, वाडीच्या मध्यावर क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही उभे आहेत आणि त्यांच्यापुढे आजही शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात. तुम्ही कधी वांद्र्याच्या जुन्या गावठाणातून चाललात तर अशा एखाद्या क्रुसापाशी थांबा. साथीच्या दिवसांत त्या गल्लीने काय केले असेल याचा विचार करा. सगळ्या प्रार्थनेचा भार तिने धर्मगुरूंवर टाकला नाही, आपल्या वाटणीचा भार तिने स्वतः उचलला. चर्चचे दार बंद असताना धर्मग्राम चालू राहू शकतो, याची ती साक्ष आहे.

आशा म्हणजे काय?

धीर देताना आपण पटकन म्हणतो, "काळजी करू नका, सगळे ठीक होईल." पण तीन दफनविधी करून आलेल्या माणसाला हे वाक्य पोकळ वाटते. ज्यांचे माणूस गेले त्यांचे सगळे ठीक झालेले नाही.

बायबलमधली आशा वेगळी आहे. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याने वेढा घातला आहे. यिर्मया स्वतः कैदेत आहे. नगर पडणार हे त्यानेच सांगितले आहे. अशा वेळी देव त्याला अनाथोथ येथील शेत विकत घ्यायला सांगतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांपुढे खरेदीखत करतो आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावतो. जे शेत शत्रूच्या हाती जाणार, त्याचे पैसे तो आज मोजतो, कारण या भूमीत पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील, असे देवाने सांगितले आहे.

यिर्मया संकट नाकारत नाही. देवाच्या शब्दावर तो गाठीचे सतरा शेकेल खर्च करतो. आपल्या धर्मग्रामाला अशी आशा द्यायची तर आपल्यालाही काही तोलून द्यावे लागेल: वेळ, पैसा, श्रम.

आपण काय करू शकतो?

पौल तुरुंगात होता तेव्हा फिलिप्पै येथील मंडळीने त्याला मदत देऊन एपफ्रदीत नावाच्या भावाला पाठवले. ही सेवा करताना तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. अशा माणसांचा मान राखा, असे पौल मंडळीला लिहितो (फिलिप्पैकरांस २:२५-३०). एपफ्रदीताने केले तेच आपल्याला आपल्या परीने करता येईल.

पहिले, विचारपूस करा. या आठवड्यात आपल्या फादरांना एक फोन करा, ज्यात कोणतेही काम नसेल. जेवलात का, झोप होते का, घरी आई-वडील कसे आहेत, एवढेच विचारा. कितीतरी धर्मगुरूंना साथीच्या काळात स्वतःच्या आई-वडिलांच्या अंत्यविधीलाही जाता आले नाही.

दुसरे, कामे वाटून घ्या. तंत्र जाणणाऱ्या युवकांनी ऑनलाइन मिस्सेची जबाबदारी घ्यावी. बेड आणि औषधांचे फोन प्रापंचिकांच्या गटाने सांभाळावेत. दुःखी कुटुंबांना पहिल्या महिन्यानंतर, जेव्हा सगळ्यांचे फोन थांबतात, तेव्हा आपल्या प्रार्थना गटाने फोन करावा.

तिसरे, दान थांबवू नका. चर्च बंद झाले तेव्हा रविवारचे दान थांबले; पण चर्चची साफसफाई करणारे, स्वयंपाक करणारे, पहारा देणारे आणि खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षक यांच्या घरच्या चुली थांबत नाहीत. शहरातील सुस्थितीतल्या धर्मग्रामाने दूरच्या एखाद्या मिशन केंद्राचा भार उचलावा. मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वतः गरीब असताना यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी दिले, हे विसरू नका.

चौथे, नाव घेऊन प्रार्थना करा. 'सर्व धर्मगुरूंसाठी' म्हणणे सोपे आहे. एका धर्मगुरूचे नाव घेऊन रोज जपमाळेचे एक दशक म्हणा.

आणि एक सावधगिरी. आधार म्हणजे हांजी हांजी नव्हे. हिशेब विचारणे, चूक दाखवणे, गरिबांकडे दुर्लक्ष होत असेल तर स्पष्ट बोलणे हाही प्रेमाचाच भाग आहे. पण हात धरणाऱ्याने बोललेले आणि लांबून बोट दाखवणाऱ्याने बोललेले यांत फरक असतो. आधी शेजारी जाऊन उभे राहू या, मग बोलू या.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी फादरांना पुन्हा फोन केला आणि राहिलेला प्रश्न विचारला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं झालं विचारलंत." त्यानंतर आम्ही वीस मिनिटे बोललो. बहुतेक वेळ तेच बोलत होते, मी फक्त ऐकत होते.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, गेथशेमानेत तू सोबत मागितलीस आणि आम्ही झोपलो. आज आमच्या धर्मगुरूंमध्ये, धर्मभगिनींमध्ये, पाळकांमध्ये तू पुन्हा ती मागतोस. आम्हांला जागे ठेव. जे सेवा करता करता तुझ्याकडे आले त्यांना चिरशांती दे. जे थकले आहेत त्यांना बसायला धोंडा आणि हात धरायला माणसे दे, आणि त्या माणसांत आमचीही गणना कर. आमेन.