ढकलणारे हात, ओढून घेणारा प्रभू



मुले संगणकावर खेळू लागली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्यांतील एक साधा खेळ उपवासकाळाच्या या पाचव्या रविवारी आपल्यालाच काही शिकवू शकेल. त्याचे नाव सोकोबान. जपानी भाषेत सोकोबान म्हणजे गुदामाचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ साली तयार केला व १९८२ साली थिंकिंग रॅबिट या जपानी कंपनीने बाजारात आणला. आज त्याचे कितीतरी प्रकार इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात.

खेळ असा. एक गुदाम, भोवती भिंती, आत काही खोके. प्रत्येक खोका ठरलेल्या जागी न्यायचा. रखवालदाराला दिशा चारच : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तो खोका ढकलू शकतो, पण ओढू शकत नाही. ढकलायचाही एका वेळी एकच. एकापुढे एक दोन खोके आले तर ते जागचे हलत नाहीत. नियम एवढेच, पण भलेभले त्यात अडकतात.

खरी मेख कोपऱ्यात आहे. भलत्याच कोपऱ्यात खोका गेला की डाव संपला. त्याला बाहेर काढायचे तर रखवालदाराने खोका आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहायला हवे, आणि तिथे तर जागाच नसते. बरे, डाव हरल्याची घंटाही वाजत नाही. खेळणारा बिचारा बाकीचे खोके हलवीतच राहतो.

आपल्या घरांत याहून वेगळे काय घडते? मुलाला आपण ढकलतो : सायन्सच घे, शेजारच्या मुलाचे मार्क बघ. सुनेला ढकलतो, म्हाताऱ्या वडिलांना ढकलतो, जमिनीच्या वाटणीत भावाला ढकलतो. बहुतेक वेळा हेतू चांगला असतो. कोणी कुठे जायला हवे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मग एके दिवशी मुलगा घरात बोलेनासा होतो. दोन भाऊ एकाच मिस्साला येतात आणि शांतीचे अभिवादन करताना एकमेकांकडे पाठ फिरवतात. जेवणखाण, सणवार सारे चालू असते, म्हणून डाव केव्हा हरला ते कळतच नाही. व्यासपीठावरून ढकलण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंनाही होतोच. पण माणूस हा खोका नाही, हे आपण सर्वांनीच लक्षात ठेवायला हवे.

ब्राउझरमधील खेळात बहुधा मागची चाल रद्द करण्याचे बटण असते. आयुष्यात ते नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर असे मांडले आहे की, घडून गेलेली गोष्ट घडलीच नव्हती असे परमेश्वरही करू शकत नाही, कारण त्यात उघड परस्परविरोध आहे. मग आपण आशा तरी कशाची धरायची?

आजच्या शुभवर्तमानाची (योहान १२:२०-३३). प्रभू येशू सांगतो की, आपल्याला पृथ्वीपासून उंच केले जाईल तेव्हा आपण सर्वांना स्वतःकडे ओढून घेऊ. रखवालदाराला जे कधीच जमत नाही, नेमके तेच प्रभू करतो. ढकलणारा पाठीमागे असतो, त्याचा चेहरा दिसत नाही. ओढून घेणारा समोर असतो, आणि तो आपला हात धरतो. जिथे उभे राहायला जागाच नव्हती त्या कोपऱ्यात, क्रुसावर आणि कबरेत, तो आपल्यासाठी आधीच गेला आहे.

संत पेत्राकडे पाहा. त्याने तीनदा प्रभूला नाकारले. ते नाकारणे पुसले गेले नाही. चारही शुभवर्तमानांत ते लिहिलेले आहे. पण सरोवराच्या काठी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली (योहान २१:१५-१७). चाल रद्द झाली नाही, तरी पेत्र कोपऱ्यात राहिला नाही.

पास्काच्या सणाला आता दोन आठवडे उरले आहेत. सोकोबानचा जाणता खेळाडू आधी थांबतो, वळसा घालून योग्य बाजूला जातो आणि मगच हात लावतो. आपणही या दिवसांत कोणाला बोलण्याआधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहू या. ज्याला आपण कोपऱ्यात लोटले असेल त्याला पुन्हा ढकलून बाहेर काढता येणार नाही. म्हणून आधी प्रायश्चित्त संस्कारात आपण स्वतःला प्रभूच्या हाती देऊ या, आणि मग त्या भावाच्या दारी जाऊ या. आणि आपणच कोपऱ्यात अडकलो असू, तर सुटकेची युक्ती शोधत बसण्यापेक्षा हात पुढे करू या. तो धरणारा प्रभू समोरच उभा आहे.

आमेन.