कललेल्या नावेतला कप

सावकाश वाचा. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा.

आधी गाडीतला कप होल्डर डोळ्यांपुढे आणा. दोन सीटांच्या मधला गोल खड्डा, बस. 1984 सालच्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये तो आला आणि पुढे सगळीकडे रुजला. तो कपाला गच्च धरतो. गाडी कलली की कपही तेवढाच कलतो. रस्त्यावर हे निभावतं. त्याला इथेच सोडून द्या.

आता शिडाच्या नावेत या. वारा शिडात भरलाय, नाव एका कुशीवर वीस अंश झुकलीय, आणि तासन्‌तास तशीच चाललीय. टेबल तिरकं, बाक तिरका, तुमची पाठही तिरकी. या तिरकेपणात थोडा वेळ बसून राहा. लगेच सरळ व्हायला धडपडू नका.

समोर चहाचा कप आहे, एका कड्यात बसवलेला. ते कडं दोन खुंट्यांवर डावी-उजवीकडे झुलतं. त्याच्या बाहेर दुसरं कडं, ते पुढे-मागे झुलतं. याला गिम्बल म्हणतात. जहाजावरचं होकायंत्र असंच टांगतात. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं नाव या रचनेला चिकटलं खरं, पण त्याच्या कितीतरी आधी, बायझँटियमच्या फिलोच्या नावावरच्या ग्रंथात, कशीही फिरवली तरी न सांडणारी दौत अशाच कड्यांत बसवलेली सापडते. मला ती दौत फार आवडते. लिहिणाऱ्यालाही सांडण्याची धास्ती होतीच.

चहाच्या पृष्ठभागाकडे पाहा. कपाला सरळ कोण ठेवतंय? कुणीच नाही. खुंट्या वर आहेत, वजन खाली आहे. नाव कलते तेव्हा कप फक्त तिच्याबरोबर जात नाही. आपलं वजन आपल्यात कुठे आहे, वर की खाली, हे इथे जरा चाचपून बघा. उत्तराची गडबड नाही.

पण नुसतं मोकळं सोडूनही भागत नाही. लाटांची लय कपाच्या झुलण्याच्या लयीशी जुळली, तर झोका वाढत जातो आणि चहा सांडतो. म्हणून खुंटीला थोडं घर्षण हवं, झोका जिरवण्यापुरतं.

आणखी एक गंमत, हिच्यावर जास्त रेंगाळा. लाट नावेला बाजूला ढकलते तेव्हा हा कप काटेकोर उभा राहतच नाही. क्षणभर तिरका होतो आणि नेमका त्यामुळेच सांडत नाही, कारण आतला चहाही तेवढाच तिरका झालेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं, गेला आता. कपाच्या काठाशी मात्र चहा समपातळीत असतो.

कप उचला, घोट घ्या. परत ठेवताना हात लगेच काढू नका. कड्याला त्याचं नवं, हलकं वजन कळू द्या.